चूक फादरची, बिशपची की पोपची? कॅथलिकांच्या घरातला एक जुना वाद समजून घेताना

मागच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. परदेशातलं कुठलंसं चर्च. वेदीसमोर नाच चाललाय, गिटार वाजतेय, फादर हसत टाळ्या वाजवतायत. खाली उर्दूत एक ओळ होती, तिचा अर्थ असा की यांचा पोपसुद्धा यांना आवरू शकत नाही. आम्ही हसलो आणि विचार न करता तो व्हिडिओ शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवर ढकलला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या एक सहकारी मॅडम, मूळच्या आजऱ्याकडच्या आणि कॅथलिक, शांतपणे म्हणाल्या, "सर, तो व्हिडिओ आमचे लोक एकमेकांना पाठवतात तेव्हा वाईट वाटून पाठवतात. तुम्ही हसत पाठवलात."

खरं सांगायचं तर आम्हाला काय बोलावं ते सुचेना. आपल्या मशिदीतल्या एखाद्या मसल्यावरून झालेली कुरबुर दुसऱ्या कुणी अर्धवट माहितीवर हसण्यावारी नेली की आपल्याला किती लागतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मग त्याच मॅडमकडून आणि काही वाचून आम्ही हा विषय समजून घेतला. तो इथे मांडतोय, कारण हा व्हिडिओ आमच्या एकट्याच्या मोबाईलवर आला असेल असं वाटत नाही.

आधी एक गैरसमज

कोल्हापुरात आपण 'ख्रिश्चन' म्हटलं की सगळे पोपला मानणारे असं धरून चालतो. तसं नाही. कोल्हापूर शहरात ख्रिस्ती समाज रुजला तो मुख्यतः १८५० नंतर आलेल्या अमेरिकन मिशनमुळे. रेव्हरंड वायल्डर हे त्यातलं पहिलं नाव, वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. हे लोक प्रोटेस्टंट. त्यांचा पोपशी संबंध नाही. पोपला मानतात ते कॅथलिक. ते आपल्याकडे आजरा, सावंतवाडी, गोवा, वसई, मुंबई या पट्ट्यात जास्त. कोल्हापूर जिल्हा आज कॅथलिकांच्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढला.

आता कॅथलिकांच्या रविवारच्या मुख्य उपासनेला मिस्सा म्हणतात. त्यांच्या श्रद्धेनुसार मिस्सात भाकर आणि द्राक्षरस हे येशू ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. हजरत ईसा अलैहिस्सलाम यांच्याबद्दल त्यांचा आणि आपला अकीदा वेगळा आहे, तो इथे विषय नाही. पण ही एक गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. भाकरीचा कण जमिनीवर पडला तरी ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांच्यासमोर वेदीपाशी थट्टामस्करी चालली तर त्यांना काय वाटेल याचा विचार करा. म्हणून मिस्सात कोण कुठे उभं राहतं, प्रसाद हातात घेतात की जिभेवर, भाषा कोणती, हे प्रश्न त्यांच्यासाठी किरकोळ नाहीत.

चारशे वर्षं एकच पुस्तक

सोळाव्या शतकात युरोपात प्रोटेस्टंट चळवळ उठली. तिला उत्तर म्हणून कॅथलिकांची ट्रेंट इथे मोठी परिषद झाली, १५४५ ते १५६३. त्यानंतर १५७० मध्ये पोप पायस पाचवे यांनी मिस्साचं एक प्रमाण पुस्तक काढलं. दोनशे वर्षांपेक्षा जुन्या प्रथा असलेल्या ठिकाणांना सूट होती, बाकी सगळीकडे तेच लागू. भाषा लॅटिन. फादर वेदीकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून उभे. आपल्याकडे इमामसाहेब किब्ल्याकडे तोंड करतात तेव्हा कुणी म्हणत नाही की त्यांनी आमच्याकडे पाठ केली. सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला असतं. परंपरावादी कॅथलिकही अगदी हेच म्हणतात.

गंमत बघा. आपल्या मराठी मुलखाच्या दाराशी त्याच काळात एक वेगळीच गोष्ट घडत होती. थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. म्हणजे ख्रिस्ताची कथा लोक मराठीत ऐकत होते, पण मिस्सा मात्र लॅटिनमध्येच. ही स्थिती पुढे साडेतीनशे वर्षं राहिली. आपल्याकडे बयान उर्दूत, हल्ली काही ठिकाणी मराठीत, आणि खुतबा मात्र अरबीत, तसंच काहीसं. तुलना समजण्यापुरती आहे, दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं आमचं म्हणणं नाही.

१९६२ नंतर काय बदललं

ऑक्टोबर १९६२ ते डिसेंबर १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. जगभरचे बिशप जमले. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर झाला. बाजूने २१४७, विरोधात फक्त ४. आता हा दस्तऐवज नेमकं काय म्हणतो ते बघायला हवं, कारण सगळ्या भांडणाचं मूळ तिथं आहे.

एक, लॅटिन भाषा जपली जावी. दोन, पण लोकांच्या भाषेला जास्त जागा देता येईल. तीन, वेगवेगळ्या देशांच्या संस्कृतीप्रमाणे काही जुळवून घेता येईल. चार, हे ठरवण्याचा अधिकार रोमचा आणि कायद्याने दिला असेल तेवढा बिशपांचा. बाकी कुणीही, अगदी फादरनेसुद्धा, आपल्या मनाने काही घालायचं नाही, काढायचं नाही, बदलायचं नाही.

म्हणजे दार उघडलं, पण किल्ली कुणाकडे तेही सांगितलं. एप्रिल १९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांनी मिस्साचं नवं पुस्तक जाहीर केलं, आणि वर्षअखेरीपासून ते लागू होऊ लागलं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी लॅटिन जवळजवळ संपलं, फादरांनी लोकांकडे तोंड केलं, आणि काही ठिकाणी ज्याला जे सुचेल ते सुरू झालं. मनाच्या प्रार्थना, वाटेल ते संगीत, वाटेल तो पोशाख. यालाच ते 'उपासनेतले गैरप्रकार' म्हणतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वसईच्या आज्जीला आयुष्यात पहिल्यांदा मिस्सा तिच्या भाषेत कळली ती या बदलामुळेच. वसईतून निघणारं 'सुवार्ता' मासिक, मराठी भक्तिगीतं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल', हे सगळं मराठी ख्रिस्ती जीवन या मोकळ्या हवेत वाढलं. त्याच फादर दिब्रिटोंना २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, हे आपल्याला आठवत असेल. म्हणजे बदल म्हणजे सगळा बिघाड, असं चित्र काढणं खरं नाही.

भारतातला वाद: बारा मुद्दे

आता आपल्या देशात येऊ. नव्या पुस्तकाच्याच महिन्यात, २५ एप्रिल १९६९ रोजी, भारतातल्या बिशपांनी पाठवलेल्या बारा मुद्द्यांना रोमने मंजुरी दिली. काय होतं त्यात? चपला बाहेर काढून जमिनीवर बसायला हरकत नाही. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकून नमस्कार. वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी हाताने स्पर्श करून हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावणं. मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा. वेदीवरच्या कापडाऐवजी ताट. फादरांना साधा झगा आणि अंगवस्त्र. आणि फुलं, धूप, दिवा घेऊन आरती.

बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्रातून फादर अमलोरपवदास यांनी या कामाला मोठी चालना दिली. त्यांचं म्हणणं सोपं होतं: चर्च भारतात परदेशी पाहुण्यासारखं किती दिवस राहणार?

पण सामान्य कॅथलिकांतले बरेच लोक भडकले. ते म्हणाले, हे भारतीयीकरण नाही, हे हिंदूकरण आहे. मद्रासचे व्हिक्टर कुलंदै यांनी याविरुद्ध संघटना चालवली आणि १९८५ मध्ये पुस्तकच लिहिलं. तिसरा आवाज दलित ख्रिस्त्यांचा होता, आणि आम्हाला तो फार महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, तुम्ही 'भारतीय' म्हणून जे आणताय ते वरच्या जातींच्या देवळातलं आहे. ज्या चिन्हांनी आम्हाला बाहेर ठेवलं, ती पुन्हा आमच्याच वेदीवर का?

इथे एक फरक नीट ओळखायला हवा. बारा मुद्दे आवडोत न आवडोत, ते रोमने मंजूर केलेले होते. त्यांना गैरप्रकार म्हणता येत नाही. पण त्याच काळात काही ठिकाणी मंजुरी नसलेली भारतीय प्रार्थना वापरली गेली, मिस्सात इतर धर्मांच्या ग्रंथांतले उतारे वाचले गेले. १९७५ मध्ये रोमने हे थांबवायला सांगितलं. म्हणजे परवानगी असलेला बदल वेगळा आणि परवानगी नसलेला वेगळा. व्हिडिओ फिरवणारा हा फरक कधीच सांगत नाही.

मग जबाबदार कोण?

इथून खरा वाद सुरू होतो. परंपरावादी कॅथलिक म्हणजे एकच गट आहे असं आपल्याला वाटतं. पण जबाबदारीच्या प्रश्नावर त्यांच्यातच निदान चार उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर: चूक फादरची. कायदा स्पष्ट आहे, पोपने मनमानीला परवानगी दिलेली नाही. जो मोडतो तो दोषी. पोपला दोष देणं म्हणजे वर्गात एका पोराने बाक तोडला म्हणून शिक्षणमंत्र्याचा राजीनामा मागण्यासारखं आहे.

दुसरं उत्तर: चूक आवर न घालणाऱ्यांची. बिशपांनी डोळेझाक केली आणि पोपने बिशपांना जाब विचारला नाही. हे लोक दोन उदाहरणं हमखास देतात, आणि ती वजनदार आहेत. प्रसाद हातात घेण्याची प्रथा १९६० च्या दशकात हॉलंडसारख्या देशांत परवानगीशिवाय सुरू झाली. रोमने जगभरच्या बिशपांचं मत विचारलं, बहुसंख्य विरोधात होते. मे १९६९ मध्ये रोमने जाहीर केलं की जिभेवर देण्याची जुनी पद्धतच राहील. पण जिथे ही प्रथा आधीच रुजलीय तिथल्या बिशपांना परवानगी मागता येईल. आज ती पद्धत जगात बहुतेक ठिकाणी आहे. दुसरं उदाहरण मुलींचं. वेदीवर मुलींनी सेवा करायची नाही असं रोमने १९८० मध्ये बजावलं. १९९४ मध्ये परवानगी दिली. दोन्ही वेळा पोप जॉन पॉल दुसरेच होते. हे लोक विचारतात, नियम मोडणाऱ्याला शेवटी परवानगीच मिळत असेल, तर नियम पाळणारा मूर्ख ठरला की नाही?

आम्ही शिक्षक आहोत, या प्रश्नाची धार आम्हाला कळते. वर्गात नियम मोडणाऱ्यासाठीच नियम बदलला, तर मुकाट्याने पाळणाऱ्या मुलाकडे आपण काय तोंडाने बघायचं? पण याला दुसरीही बाजू आहे. मुलींना वेदीवर जागा मिळाली यात वाईट काय, असं विचारणारे कॅथलिक काही कमी नाहीत. नियम बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने तो बदलला तर ती शरणागती की शहाणपण, हे शेवटी बघणाऱ्यावर आहे.

तिसरं उत्तर आणखी पुढे जातं: गैरप्रकार ही फक्त लक्षणं आहेत, दुखणं नव्या मिस्सातच आहे. सप्टेंबर १९६९ मध्ये ओटाव्हियानी आणि बाची या दोन कार्डिनलांनी नव्या पुस्तकावर गंभीर आक्षेप घेणारं टिपण पोपना पाठवलं होतं. पुढे फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लेफेब्र यांनी १९७० मध्ये जुनी मिस्सा चालवणारा संघ काढला. १९७६ मध्ये रोमने त्यांना धर्मगुरूची कामं करायला मनाई केली. ३० जून १९८८ रोजी त्यांनी पोपची परवानगी नसताना चार बिशपांना दीक्षा दिली आणि ते बहिष्कृत ठरले. त्या चार बिशपांवरचा बहिष्कार २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी उठवला. ध्यानात घ्या, हा गट पोपला पोप मानतो, प्रार्थनेत त्यांचं नाव घेतो. फक्त या बाबतीत त्यांचं ऐकत नाही.

चौथं उत्तर शेवटच्या टोकाचं: जो असे बदल करतो तो पोपच नाही, १९५८ मध्ये पोप पायस बारावे वारले तेव्हापासून गादी रिकामी आहे. हे लोक फार थोडे. पण मोबाईलवर आवाज सगळ्यात मोठा यांचाच. ते इतर कॅथलिकांना कॅथलिकच मानत नाहीत. असं टोक गाठणारी माणसं कुठल्या समाजात नसतात, हे वाचकांनी आपापल्या मनाशी विचारावं.

पोप चुकत नाही, म्हणजे काय?

आपल्याला वाटतं कॅथलिक पोपला बिनचूक मानतात, मग त्यांच्यात वाद कसा? त्याचं उत्तर १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत आहे. पोप श्रद्धा आणि नीती यांबद्दल सगळ्या चर्चसाठी, आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने, अंतिम निर्णय जाहीर करतात तेव्हाच तो निर्णय बिनचूक मानला जातो. रोजचं बोलणं, नेमणुका, कारभार, कुणाला शिक्षा केली आणि कुणाला नाही, हे त्यात येत नाही. म्हणजे पोपने गैरप्रकार रोखण्यात ढिलाई केली असं म्हणणारा कॅथलिक आपल्या धर्माबाहेर जात नाही. मात्र टीका किती करायची आणि कुठे थांबायचं, यावरच भांडण आहे.

याचं भारतातलं गाजलेलं उदाहरण फेब्रुवारी १९८६ चं. पोप जॉन पॉल दुसरे दहा दिवस भारतात होते, गोवा, मुंबई, पुण्यालाही आले. काही ठिकाणी त्यांचं स्वागत आरती ओवाळून, कपाळाला टिळा लावून झालं. त्याचा फोटो युरोप-अमेरिकेत पोचला आणि परंपरावाद्यांनी बोंब केली की पोपने शिवाची दीक्षा घेतली! भारतातल्या कॅथलिकांनी समजावलं, अहो, हे पाहुण्याचं स्वागत आहे. आपल्याकडे शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्याला ओवाळतात तेव्हा त्याचा धर्म बदलत नाही. चाळीस वर्षं होत आली, तो फोटो अजून फिरतो. एक फोटो, संदर्भ कापलेला, आणि एका माणसाच्या ईमानावर शिक्का. ओळखीचं वाटतं ना?

तक्रार करायची तर कुठे?

आम्हाला सगळ्यात कामाची वाटलेली माहिती ही. मार्च २००४ मध्ये रोमने उपासनेतल्या गैरप्रकारांवर एक सविस्तर सूचनापत्र काढलं. त्यात चुकांच्या पायऱ्या केल्यात: अतिगंभीर गुन्हे, गंभीर बाबी आणि इतर चुका. सगळ्या एका मापाने मोजायच्या नाहीत. आणि शेवटी म्हटलंय की फादर असो की साधा माणूस, प्रत्येक कॅथलिकाला गैरप्रकाराची तक्रार करण्याचा हक्क आहे. आधी शक्यतो आपल्या बिशपकडे, गरज पडली तर थेट रोमकडे. आणि हे सगळं खरेपणाने आणि प्रेमाने करायचं.

त्याआधी १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी एका पत्रात, उपासनेच्या बाबतीत लोकांची श्रद्धा दुखावली गेली असेल तर त्याबद्दल स्वतःच्या आणि सगळ्या बिशपांच्या वतीने माफी मागितली होती. म्हणजे जबाबदारीचा काही वाटा गादीने स्वतःहून उचलला. टीकाकार म्हणतात, माफी पुरेशी नाही, कारवाई कुठाय? तोही मुद्दा आहेच.

जुन्या लॅटिन मिस्साचं काय झालं? १९८४ मध्ये बिशपच्या परवानगीने थोडी सूट मिळाली, १९८८ मध्ये वाढली. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी फादरांना ती जवळजवळ मोकळी केली, आणि नव्या मिस्सातल्या काही विकृती सहन करायला अवघड गेल्या असं स्वतःचा अनुभव सांगून लिहिलं. १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी पुन्हा आवळलं. त्यांचं कारण असं की जुन्या मिस्साच्या आडून काही जण परिषदच नाकारतात आणि फूट पाडतात. फ्रान्सिस एप्रिल २०२५ मध्ये गेले, मे महिन्यात पोप लिओ चौदावे आले, आणि दोन्ही बाजू आता त्यांच्याकडे बघतायत.

हे नवीन नाही

एका पोपने सैल सोडायचं आणि दुसऱ्याने आवळायचं, हे आपल्या भागाने चारशे वर्षांपूर्वीच पाहिलंय. रॉबर्टो दि नोबिली हे इटालियन जेझुइट १६०६ पासून मदुराईत संन्याशासारखे राहू लागले. नव्या ख्रिस्त्यांना शेंडी, जानवं, गंध ठेवू दिलं. म्हणाले, हा समाजाचा रिवाज आहे, धर्म नाही. १६१९ मध्ये गोव्यात यावर बैठक झाली, गोव्याचे आर्चबिशप विरोधात गेले. प्रकरण रोमला पोचलं. १६२३ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी अटी घालून परवानगी दिली. १७४४ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी या प्रथांवर कडक मर्यादा आणल्या. रिवाज कुठे संपतो आणि धर्म कुठे सुरू होतो, हा प्रश्न तेव्हाही होता. आपल्याकडे लग्नातल्या हळदीपासून उरुसाच्या गलेफापर्यंत तोच प्रश्न घराघरात आहे की.

आणि अधिकाराचं भांडण? मुंबईत पोर्तुगालच्या राजाने नेमलेले एकीकडे आणि रोमने थेट पाठवलेले दुसरीकडे, असे दोन अधिकार शेजारी शेजारी चालले. त्याचा पुरता निकाल लागायला १९२८ चा करार उजाडला. एकाच वस्तीतले लोक 'तुमचा बिशप, आमचा बिशप' करत राहिले.

आज याच भांडणाचं उलटं रूप केरळात दिसतं. तिथल्या सिरो-मलबार चर्चची परंपरा वेगळी, पण पोप तेच. २०२१ मध्ये त्यांच्या बिशपांनी ठरवलं की मिस्साचा काही भाग लोकांकडे तोंड करून आणि मुख्य भाग वेदीकडे तोंड करून करायचा. एर्नाकुलमच्या बऱ्याच फादरांनी आणि लोकांनी नकार दिला. त्यांना पूर्ण वेळ लोकांकडे तोंड हवं होतं. भांडण इतकं वाढलं की २०२२ च्या नाताळात तिथलं मुख्य चर्च बंद पडलं. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हिडिओवरून त्यांना आज्ञा पाळण्याची विनवणी केली. म्हणजे पोपचं न ऐकणारे फक्त परंपरावादीच असतात असं नाही. ज्याला जे सोडवत नाही, तिथे तो अडतो.

आपण यातून काय घ्यायचं

आम्ही काही कॅथलिकांचा निकाल लावायला बसलेलो नाही, तो आपला अधिकारही नाही. सुन्नी मुसलमानांत पोपसारखं पद नाही. आपल्याकडे जबाबदारी इमाम, ट्रस्टी, उलेमा आणि जमात यांच्यात वाटलेली असते. त्यामुळे आपले वाद वेगळ्या वळणाने जातात. पण हा विषय समजून घेताना आम्हाला स्वतःला विचारायला तीन प्रश्न मिळाले.

पहिला: जे चाललंय ते परवानगीने की मनमानीने? आवडत नाही म्हणजे चूकच, असं नसतं. दुसरा: चूक किती मोठी? कपड्याची चूक आणि श्रद्धेची चूक एकाच तराजूत घालायची नाही. तिसरा: ज्याला सांगून उपयोग होईल त्याला आधी सांगितलं का, की थेट ग्रुपवर टाकलं? मशिदीत स्पीकरच्या आवाजावरून किंवा बयानच्या भाषेवरून नाराजी असेल तर इमामसाहेबांना किंवा ट्रस्टींना बाजूला घेऊन बोलणं हा एक रस्ता, आणि चोरून व्हिडिओ काढून पसरवणं हा दुसरा. दुसऱ्या रस्त्याने मसला सुटल्याचं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

आम्ही मॅडमना सॉरी म्हटलं, ग्रुपवरही लिहिलं. त्या म्हणाल्या, "अहो सर, आमच्या घरातसुद्धा यावर एकमत नाही. आईला अजून जिभेवरच प्रसाद लागतो. मी हातात घेते. दोघी एकाच रांगेत उभ्या असतो."

आम्ही घरी येऊन हे पोरांना सांगितलं. मोठ्या मुलीने विचारलं, "मग अब्बा, बरोबर कोण?" आम्ही म्हणालो, ते त्या दोघी ठरवतील. आपण पुढच्या वेळी फॉरवर्डचं बटण दाबायच्या आधी विचारून घेऊ.